तिसरी फेरी

आई, हे पत्र मी तुझ्याशी भांडायला लिहिते आहे. तू गेलीस त्याला चौदा वर्षं होतील, त्यामुळे उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण जिवंत होतीस तेव्हा तरी कुठे उत्तर द्यायचीस? त्या एका विषयावर तू मिठाची गुळणी धरलीस ती शेवटपर्यंत. आज रविवार आहे, भर दुपार आहे, या परदेशी बंदरशहरात, क्लेमेंटीतल्या आमच्या बाराव्या मजल्यावर घरात कुणी नाही. नवरा बाजारात गेलाय आणि लेक मैत्रिणींबरोबर बाहेर पडली आहे, काल वादसभेत मिळालेल्या चषकाचा आनंद साजरा करायला. तो चषक तिला तुझ्या सरकारी ट्रक-डेपोची टिंगल करून मिळाला आहे. टिंगल तिची, पण तिला पुरवली मी. राग नक्की कुणाकुणावर आहे ते लिहिता लिहिता कळेल, पण आहे एवढं नक्की. आठवडाभर डोक्यात तिडीक आहे.

मागच्या रविवारी मी थालीपिठं लावत होते आणि लेक लॅपटॉप घेऊन ओट्याशी आली. तिच्या कॉलेजच्या स्पर्धेचा विषय होता: रस्त्यावरची मालवाहतूक पुन्हा सरकारी मालकीची करावी की नाही. हिच्या वाट्याला चिठ्ठीने 'करू नये' ही बाजू आली होती. "मम्मा, तू ट्रकिंगमध्ये आहेस ना, मला पॉइंट्स दे," म्हणाली. मी नेमकं काय काम करते हे तुला कधी नीट कळलं नव्हतं, तू शेजारणींना 'बंदरात आहे' एवढंच सांगायचीस. बंदरातून कंटेनर उचलून गोदामांत पोचवणारी एक खासगी कंपनी आहे, तिथे कुठला ट्रक कुठे जाईल हे ठरवणारं खातं माझ्या हाताखाली आहे. म्हणजे डेपोतलं तुझंच काम, फक्त फळ्याच्या जागी स्क्रीन. मी तिला मुद्दे दिले. स्पर्धा असली की सेवा सुधारते, रिकाम्या फेऱ्या कमी होतात, वगैरे. ती भराभर टाइप करत होती. मग थांबून हसली, आणि इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "आणि आजीचा डेपो? टायर नाही म्हणून उभे ट्रक, चहा पीत बसलेले ड्रायव्हर? यू ऑल्वेज टेल दॅट स्टोरी, इट्स सो फनी लाह. ते मी वापरू?" मी थालीपीठ उलटलं आणि म्हटलं, वापर.

ती गोष्ट तिने ऐकली कुठे? माझ्याच तोंडून. इथे आमचा एक गोतावळा आहे, कुणी बँकेत, कुणी हिशेबनीस, कुणी पुण्याहून आलेले आयटीवाले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी कॉन्डोतल्या फ्लॅटवर मिसळ असते, आणि पोटं भरली की कुणीतरी हमखास सुरू करतं, सरकारने धंद्यात पडूच नये. मग मला आग्रह होतो. मी तुझ्या डेपोतल्या हेडक्लार्कची नक्कल करते, 'उद्या या, आज साहेब फिरतीवर आहेत', आणि सगळे पोट धरून हसतात. बावीस वर्षं मी ही नक्कल करते आहे. माझ्यासारख्या कित्येकांची इथली पहिली घरं सरकारने बांधलेली, जाण्या-येण्याच्या बस आणि ट्रेनमागे सरकार, मुलं सरकारी शाळेत, आणि तरी आम्ही नाकाने कांदे सोलत बसतो. 'इथलं सरकार वेगळं हो,' हे एक वाक्य म्हटलं की झालं. बरं, तिकडे तरी काय होतं? मी वाढले सरकारी क्वार्टरमध्ये, शिकले सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात, माझं पोट भरलं तुझ्या सरकारी पगाराने. आणि त्याच तोंडाने मी नक्कल करते. मला माझीच लाज वाटते, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा स्वभाव तुझ्याकडूनच आलाय.

नकलेत खोटं काही नव्हतं, हेही सांगते. टायरसाठी गाड्या पंधरा पंधरा दिवस उभ्या असायच्या. व्यापारी अर्ज घेऊन हेलपाटे मारायचे. हापूसच्या दिवसांत ज्याची पेटी साहेबांच्या घरी पोचली त्याचा माल आधी निघायचा, हे तूच जेवताना सांगायचीस. पण ज्या डेपोत हे सगळं होतं त्याच डेपोत आणखी काय होतं, ते मी मिसळीच्या पार्टीत कधी सांगितलं नाही. आडगावच्या माणसाचं एक पोतं बियाणं असलं तरी त्याच ठरलेल्या दराने गाडी जायची. आणि घाटाचा नियम होता.

तो नियम मी आज पुन्हा लिहून काढते, कारण तो आता कुठे लिहिलेला सापडेल असं मला वाटत नाही. आपलं गाव घाटाच्या पायथ्याशी. खालून कौलं, मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, वरून गूळ, कांदा, धान्य खाली यायचं. खालचा ड्रायव्हर घाट चढत नसे. तो डेपोत उतरायचा आणि घाटाचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसायचा. माथ्यावरच्या चौकीत तोही उतरायचा आणि पुढची गाडी देशावरचा ड्रायव्हर न्यायचा. घाटाचा माणूस दुसरी गाडी घेऊन खाली यायचा. असे सात जण होते आणि त्यांना फक्त घाटच माहीत होता. कुठल्या वळणावर माती येते, कुठे धुकं बसतं, कुठे दुसऱ्या गियरवरच उतरायचं, सगळं पाठ. एका माणसाने दिवसाला दोन फेऱ्या करायच्या. तिसरी नाही. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला होता, तो दाखवल्याशिवाय फाटकावरचा पहारेकरी दांडा उचलत नसे, आणि दुसरी फेरी संपली की तो बिल्ला तुझ्या टेबलाच्या खणात जायचा. खणाला कुलूप असायचं आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये असायची. माल नियंत्रक म्हणून तुझ्या खुर्चीचं मुख्य काम काय, तर ते कुलूप लावणं.

मी सतरा वर्षांची असताना मे महिन्यात तुझ्या ऑफिसात येऊन बसायची, कारण तिथे मोठा पंखा होता. एके दिवशी सुक्या मासळीचा तो व्यापारी आला. त्याचा माल बाजारासाठी आजच वर जायला हवा होता आणि सगळ्यांच्या दोन फेऱ्या झालेल्या. तू आत फाइल शोधत होतीस. तो काकुळतीला आला होता, आणि घाटाचा सर्वात जुना ड्रायव्हर, ज्यांच्या घरून आपल्याकडे दरवर्षी फणस यायचा ते काका, तिथेच बाकावर बसले होते. मी त्यांना विचारलं, "काका, जाल का?" ते म्हणाले, "जातो की पोरी, त्यात काय." मी तुझ्या पर्समधून किल्ली काढली, खण उघडला आणि बिल्ला त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, मी फार हुशारीचं काम केलं. तू बाहेर आलीस, एका नजरेत सगळं ओळखलंस, त्यांच्या हातातून बिल्ला काढून घेतलास आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तू त्यांना विचारलंसच कशी?" मी म्हटलं, ते हो म्हणाले. "ते हो म्हणणारच. कुठला ड्रायव्हर नाही म्हणतो? म्हणून विचारायचं नसतं." मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणालीस, "शेठ, उद्या पहिली गाडी तुमची. आज माझ्या हातात नाही." तुझ्या हातात किल्ली होती, आणि तरी तू 'हातात नाही' म्हणालीस, आणि ते खरं होतं. त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनीही तेच सांगितलं. मी रडत घरी गेले आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण मनातून मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी इंजिनीअर व्हायचं ठरवलं ते त्याच आठवड्यात.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सरकारने माल विभाग बंद केला. तोट्यात आहे म्हणाले. गाड्या लिलावात निघाल्या आणि घेतल्या कुणी, तर त्याच मासळीच्या व्यापाऱ्याने. त्याला माणसांची पारख होती, त्याने तुला घरी येऊन विचारलं. तू गेलीस. मला त्याचा राग नाही, माझं शिक्षण अर्धं झालेलं, बाबा आधीच गेलेले, तू काय करणार होतीस? नव्या मालकाच्या पहिल्या पगारात तू मला ड्रॉइंगचा ड्राफ्टर घेतलास, नवा कोरा, वर्गातल्या निम्म्या मुलांकडे जुना मागून आणलेला असायचा. मी तो हॉस्टेलवर मिरवला. सुट्टीत आले तेव्हा तुझं ऑफिस बघायला गेले. खुर्ची तीच, फळा तोच, बिल्लेही खिळ्यांना लटकलेले. खणाला कुलूप नव्हतं. मी विचारलं तर तू म्हणालीस, "शेठ म्हणाले, बाई, कुलूप कशाला, तुमच्यावर विश्वास आहे. तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा! किती साधं वाक्य, आणि त्याने सगळं उलटंपालटं केलं. शेठने तुला कधी सांगितलं नाही की तिसरी फेरी दे. तो फक्त सकाळी येऊन विचारायचा, काल तो माल का राहिला? आवाज न चढवता. फेरीमागे पैसे सुरू झाल्यावर ड्रायव्हर स्वतःच टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. आणि तू द्यायला लागलीस. आधी सणासुदीला, मग आठवड्यातून एकदा, मग रोज. हे तू मला सांगितलं नाहीस. मला ते कळलं फणसवाले काका सातव्या वळणावरून गाडीसकट खाली गेले तेव्हा. श्रावणातली संध्याकाळ होती, तिसरी फेरी होती, ते दिवसभर घाटात होते. तीन गावांतले लोक दोर घेऊन उतरले, पण वर आणायला फक्त देह उरला होता.

शेठच्या ऑफिसात चौकशी झाली. मी परीक्षा सोडून घरी आले होते. तू शेठच्या ऑफिसातून परत आलीस, पातळ बदललंस आणि कोलंबी सोलायला बसलीस. मी विचारलं, काय सांगितलंस? तू मान वर न करता म्हणालीस, "त्यांनीच मागितली." मी म्हटलं, "आई, तूच म्हणाली होतीस ना, ते हो म्हणणारच म्हणून?"  सोललेली कोलंबी पाण्यात टाकत राहिलीस. त्या तुझ्या दोन शब्दांवर सगळं मिटलं. माणसाने स्वतः मागितली म्हणजे मालकाचा काही दोष नाही, गेलेल्याच्या बायकोला कुणी काही द्यायचा प्रश्न नाही, नियम बदलायचा प्रश्न नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिसरी फेरी सुरू झाली, तुझ्याच हाताने. त्या घरून फणस आला नाही, आणि तू वाट बघत नव्हतीस. मी त्या दिवसापासून तुला माफ केलेलं नाही. फोनवर बोलले, साड्या पाठवल्या, आजारपणात येऊन राहिले, पण माफ केलं नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तर तू माझ्यासमोर घाटाचं नाव काढत नव्हतीस.

आता माझं ऐक. इथल्या बंदरात मोठी जहाजं आली की त्यांचा कप्तान धक्क्यापर्यंतचा रस्ता एकटा काढत नाही. स्थानिक पाण्याचा जाणकार होडीतून येतो, शिडीने वर चढतो आणि जहाज आत आणतो. नवी नवी आले तेव्हा मी हे पाहिलं आणि मला घाटाचे ड्रायव्हर आठवले. वा, म्हटलं, इथे लोकांना कळतं. पण ते समुद्राच्या बाजूला. धक्क्यावर माल उतरून आमच्या ट्रकवर चढला की पुढे सगळं ट्रिपवर. जितक्या ट्रिपा तितकी कमाई. आमच्या नियमपुस्तकात विश्रांतीचं पान आहे, छान छापलेलं. मी तीन वर्षांपूर्वी एक सुधारणा केली: ड्रायव्हरच्या फोनवर जादा ट्रिप येते, घ्यायची की नाही ते त्याने ठरवायचं. सक्ती नाही. फक्त, जो नाही म्हणतो त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळच्या यादीत खाली जातं, आणि खाली गेलेल्याला दिवसभर रखडणारी कामं मिळतात. यादीचा हा नियम माझ्या डोक्यातून आलेला. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या. फोन माणसाला विचारतो, आई, रोज विचारतो, आणि विचारणारं कुणी समोर दिसतही नाही.

मंगळवारी दुपारी आमचा एक ड्रायव्हर पाचव्या ट्रिपला असताना वळणावर झोपला आणि ट्रक आडवा झाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पलीकडच्या देशात, जोहोरला राहतो, उजाडायच्या आत खाडीवरचा कॉजवे ओलांडून येतो. मी त्यांना अंकल म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. ट्रकखाली दुसरं कुणी सापडलं नाही हे नशीब, पण त्यांचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. कंपनीने चौकशी लावली आणि माझ्याकडे लेखी निवेदन मागितलं, सोमवारी दुपारपर्यंत, म्हणजे उद्या. त्यात एक रकाना आहे: ही जादा ट्रिप चालकाकडे कशी आली? त्यांनी स्वतः घेतली असं मी लिहिलं तर चूक त्यांची, त्यांची नोकरी जाणार, आणि यादी तशीच चालू राहणार. यादीबद्दल खरं लिहिलं तर यादी माझी आहे, मग घरी मला बसावं लागेल. एवढंच आहे, यात गुंतागुंतीचं काही नाही. गुरुवारी सकाळी मी नोव्हेनाला इस्पितळात त्यांना भेटायला गेले. सफरचंदं घेऊन गेले होते, दुसरं काय न्यायचं सुचलं नाही. पाय वर टांगलेला. मला बघून उठून बसायला लागले. त्यांची बायको शेजारी उभी होती, तिने मला खुर्ची दिली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, यू डोन्ट वरी. यू नेव्हर फोर्स मी. आय टेक द ट्रिप मायसेल्फ. नॉट युवर फॉल्ट, लाह." पाय मोडलेला माणूस माझी समजूत घालत होता! मी मान डोलावली, सफरचंदं खाटेशी ठेवली आणि लिफ्ट गाठली.

आणि शनिवारी, काल, लेकीची वादसभा. मी मागच्या रांगेत बसले होते. पोरगी बोलायचं ते छान बोलली, आणि शेवटी म्हणाली, माझी आजी अशाच एका सरकारी डेपोत होती, तिथे ट्रकपेक्षा चहाचे पेले जास्त फिरायचे. सभागृह हसलं. सगळे हसले, परीक्षक हसले, माझ्या शेजारची चिनी बाई हसली आणि माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. मला उठून ओरडावंसं वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

नंतर हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाताना मी तिला घाटाचा नियम सांगितला. बिल्ला, खण, कुलूप, मासळीचा व्यापारी, सगळं. ती खायची थांबली. "मम्मा, हे तू आधी का नाही सांगितलंस? माझ्या अपोझिट साइडला हे मिळालं असतं तर आम्ही हरलो असतो." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पण हा तर फक्त रूल आहे ना. रूल प्रायव्हेट कंपनी पण करू शकते. ओन कशाला करायचं गव्हर्नमेंटने?" मी म्हटलं, नियम आमच्याकडेही आहे. ती म्हणाली, "देन?" मी माझ्यातल्या थोड्या नूडल्स तिच्या ताटलीत वाढल्या. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सो, डेपो विकल्यावर आजीचं काय झालं?" मी म्हटलं, दुसरी नोकरी केली. गोष्ट मी कुलपापाशीच संपवली. पुढची नाही सांगितली. तुझी अब्रू राखली म्हण हवं तर.

तिच्या 'देन'चं उत्तर मी काल दुपारपासून शोधते आहे, आणि मला वाटतं ते मला सापडलं आहे, पण ते स्पर्धेत चालणारं नाही. सरकारने ट्रक घेतले की गंगेत घोडं न्हालं असं मी म्हणणार नाही, मी टायरसाठी उभ्या गाड्या डोळ्यांनी पाहिल्यात. पण सरकारी डेपोत तुझं 'नाही' तुझं एकटीचं नव्हतं. तुझ्यामागे खुर्ची होती, साहेब होते, लांब मुंबईतलं ते खातं होतं, आणि त्या कुणालाच मासळी बाजारात वेळेवर पोचण्याशी देणंघेणं नव्हतं. ज्या बेफिकिरीवर आम्ही हसतो, तिच्याच आडोशाला तुझं कुलूप सुरक्षित होतं. शेठने ते 'नाही' तुझ्या हातात आणून दिलं, तुम्हीच ठरवा म्हणाला, आणि एका बाईचं एकटीचं 'नाही' किती दिवस टिकणार? गाड्या विकणाऱ्यांनी काय विकलं हे त्यांना कळलं तरी होतं का? तोटा म्हणाले. त्या तोट्यात सात माणसं रोज संध्याकाळी घरी येत होती, ते कुठल्या बाजूला धरलं होतं? मला त्यांचा राग येतो. शेठचा येतो. टाळ्या वाजवणाऱ्या मीटिंगचा येतो. 'सरकारने धंद्यात पडू नये' म्हणून तर्री ओरपणाऱ्या आमच्या गोतावळ्याचा तर इतका येतो की पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी जाववणार नाही. आणि तुझा येतो. सगळ्यांत जास्त तुझाच. कारण तो नियम कशासाठी आहे हे शेठला माहीत नव्हतं, तुला होतं. तू मला शिकवलेलं तूच मोडलंस आणि वर म्हणालीस, त्यांनीच मागितली.

इतकी वर्षं मी धरून बसले होते की ते दोन शब्द खोटे होते. की काकांनी मागितली नसणार, तू दिलीस आणि अंगावर आलं तेव्हा खापर मेलेल्या माणसावर फोडलंस. इस्पितळातून बाहेर आले आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी मागितलीच असेल. त्यांनी टेबलाशी उभं राहून, हसत, त्यात काय म्हणून मागितली असेल. तू चौकशीत जे घडलं तेच सांगितलंस. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता, पण झाला नाही, उलट वाढला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एक कबूल करून टाकते. वर लिहिलं की निवेदन उद्या दुपारपर्यंत द्यायचं आहे. मुदत उद्याचीच आहे, आणि दिलेलं मागे घ्यायचं तर तेही उद्या दुपारपर्यंतच. पण मी ते गुरुवारीच दिलं, नोव्हेनाहून ऑफिसला पोचल्यावर, जेवायच्या सुट्टीत. 'ही ट्रिप चालकाने स्वतःहून घेतली.' तुला निदान शेठने समोर बसवून विचारलं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, काय लिही म्हणून सांगितलं नव्हतं, माझ्या केबिनमध्ये कुणी नव्हतंसुद्धा. रकाना रिकामा होता आणि मी तो भरला. वाक्य खोटं नाही, आई. म्हणूनच लिहिताना हात थांबला नाही.